क्लच गेला म्हणून सांग

बारवी धरणाच्या रस्त्याला पावसाळ्यातल्या रविवारी पोलीस उभे असतात, हे बदलापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. धबधब्याला जाणारी टोळकी बाटल्या घेऊन निघतात, दरवर्षी एखाददुसरा बुडतो, म्हणून भर दुपारी नाकाबंदी. विनीत देसूरकरला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तो बेळगावचा. वळण घेऊन पुलाकडे आला, तर पुढे बॅरिकेड, गाड्यांची रांग, आणि हवालदार एकेकाच्या खिडकीत वाकून मशीन पुढे करतोय. गाडी वळवावी म्हणून त्याने आरशात पाहिलं. मागे एक टेम्पो येऊन टेकला होता.

"पप्पा, काय झालं?" मागच्या सीटवरून राजसीने विचारलं.

"काही नाही ग. पोलीस कागद बघायलेत."

आपला आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

राजसी नऊ वर्षांची, त्याची एकुलती एक. तिची आई उमा दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन बेळगाव सोडून बदलापुरातल्या मांजर्लीला वडिलांकडे आली ती कायमचीच. कारण एकच, विनीतचं पिणं. दुसरं नव्हतं, आणि त्यानेही कधी दुसरं सांगितलं नाही. घटस्फोट कल्याणच्या कोर्टात झाला. सुरुवातीला मुलगी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटायची, मग बागेत, उमा समोरच्या बाकावर बसलेली असताना. दारू सुटली म्हणून त्याने डॉक्टरांचा कागद दिला, लिहून दिलं, तेव्हा कुठे महिन्यातला एक रविवार मुलीला एकट्याने बाहेर न्यायची परवानगी मिळाली. हा त्यातला पहिलाच रविवार.

आणि दारू खरंच सुटली होती. गेल्या गणपतीपासून तो थेंबाला शिवला नव्हता. काल उल्हासनगरला आला, कॅम्प पाचमधल्या सिंधी व्यापारी हरेशभाईंकडे दुकानासाठी जीन्सचा माल बघितला, आणि लॉजवर जाऊन आडवा झाला. झोप येईना. उद्या दिवसभर पोरगी आपल्याबरोबर. तिच्याशी बोलायचं काय? ती कंटाळली तर? आईकडे जायचं म्हणून रडायला लागली तर? ज्या दिवसासाठी एवढं केलं त्याच दिवसाचा धसका घेऊन तो खाली उतरला आणि बाटली घेऊन आला.

सकाळी डोकं धुऊन आंघोळ केली, दोनदा दात घासले. बाटलीत थोडी उरली होती. बेसिनमध्ये ओतून टाकायची म्हणून त्याने ती उचलली होती. टाकली मात्र नाही.

रांग पुढे सरकली.

"केए बावीस. बेळगाव का?" हवालदाराने नंबरप्लेटकडे बघत विचारलं. "कुठे निघालात?"

"मुळगावला. खंडोबाच्या डोंगरावर. मुलगीला दाखवायचंय."

"फुंका."

विनीतने फुंकलं न फुंकलंसं केलं. हवालदार हसला नाही, चिडला नाही. नळी बदलली आणि म्हणाला, "जोरात फुंका साहेब. मागे लाइन लागलीय."

आकडा आला. हवालदाराने तो त्याला दाखवला. तीसपर्यंत चालतं, हा बहात्तर होता.

"रात्रीची आहे साहेब. आता काही नाही घेतलेलं."

"मशीनला रात्रीची सकाळची कळत नाही. गाडी बाजूला घ्या. किल्ली द्या." मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली आणि त्याचा सूर बदलला. "पोरगी बरोबर घेऊन?"

विनीत खाली उतरला.

पोलिसांच्याच गाडीतून दोघांना आधी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे रक्त काढलं, चालून दाखवायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग पोलीस ठाणे. राजसी सगळीकडे त्याचा शर्ट मागून धरून चालत होती. रडत नव्हती, काही विचारत नव्हती. तिने रडावं असं त्याला आतून वाटत होतं. म्हणजे तिला जवळ घेऊन समजूत तरी काढता आली असती.

ठाण्यातले फौजदार चाळिशीचे, शांत होते. त्यांनी लायसन्स घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कागदावर टाचलं.

"हे आता बेळगावच्या आरटीओकडे जाणार. गाडी इथेच राहील. केस एकशेपंच्याऐंशीची, पिऊन गाडी चालवल्याची. उद्या उल्हासनगरच्या कोर्टात हजर व्हायचं. गुन्हा जामिनावर सुटण्यासारखा आहे, पण एक अडचण आहे. तुम्ही बाहेरच्या राज्यातले. रात्री बस धरून निघून गेलात तर तुम्हाला आणायला मी माणूस कुठे पाठवू? इथल्या पत्त्याचा कोणीतरी हमी द्यायला बोलवा."

"पळून जाणार नाही साहेब. दुकान आहे माझं. इज्जत आहे."

"सगळ्यांनाच असते. माणूस बोलवा."

इथला माणूस. या भागात विनीतच्या नात्याचे म्हणजे मुलगी, बायको होती ती उमा, आणि तिचे वडील विष्णुपंत. विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठे अधिकारी होते. आता निवृत्त. लग्नात त्यांनी विनीतचे पाय धुतले होते आणि घटस्फोटाच्या तारखेला त्याच्या अंगावरून, तो भिंत असावा तसे, निघून गेले होते. त्यांना फोन करायचा? करून म्हणायचं काय? आणि कल्याणच्या कोर्टात ही बातमी गेली की आजचा हा पहिला रविवारच शेवटचा.

समोरच्या बाकावर हवालदार बकुळाताई राजसीजवळ येऊन बसल्या होत्या. पन्नाशीला आलेली, मायाळू बाई. म्हणाल्या, "बाळा, आईचा नंबर पाठ आहे का ग? तिला बोलावून घेऊ."

"नाही," राजसी म्हणाली.

"घर कुठे आहे?"

"आई गावाला गेलीय. मी पप्पांकडे राहते. बेळगावला. आम्ही फिरायला आलो."

एका दमात, डोळ्याला डोळा भिडवून. आईचा नंबर तिला बालवाडीपासून पाठ होता. आई या घटकेला इथून तीन किलोमीटरवर, मांजर्लीच्या सोसायटीत, लेक संध्याकाळी पाचला येणार म्हणून काहीतरी करत असणार.

त्याने खिशातून फोन काढला आणि हरेशभाईंचा नंबर लावला.

हरेशभाई तासाभरात आले. पांढरा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. आल्याबरोबर फौजदारांना हात जोडले, आधारकार्ड टेबलावर ठेवलं, सही मागितली तिथे सही केली. विनीतकडे त्यांनी एकच कटाक्ष टाकला, तोही रागाचा नव्हता. बाहेर ओट्यावर आल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टेन्शन नको घेऊ साईं. होता है. उद्या कोर्टात माझा वकील उभा करतो, कबूल बोल, दंड भर, काम खतम. किसी को बोलने का ही नहीं. कोणाला काय गरज आहे?"

"उमाला कळलं तर पोरगी गेली माझी."

"तो कौन बताएगा? मी? मी नाही बोलणार. पुलिस काय घरी जाऊन सांगते काय?" ते वाकून राजसीला म्हणाले, "बेटा, तू बोलशील?"

राजसीने मान हलवली. नाही.

"देखो. बच्ची समझदार आहे."

हरेशभाईंच्या गाडीत दोघं मागे बसले. परत शहराकडे निघाले तेव्हा चार वाजून गेले होते. पुलाखाली उल्हास नदी गढूळ, फुगलेली होती. विनीत तिकडे बघत हिशेब मांडत होता. उद्या कोर्ट. परवा बेळगाव. गाडी सुटेल तेव्हा भावाला पाठवायचं. लायसन्सचं तिकडे घरात सांगावं लागेल, पण बेळगावची गोष्ट बदलापूरला पोचायची नाही. जमेल की. सगळं जमून जाईल, आणि पुढच्या महिन्यापासून तो एक थेंब...

"पप्पा," राजसी हळूच म्हणाली. "गाडी कुठाय विचारलं तर पंक्चर सांगू नको."

"काय?"

"आईला माहितीये डिकीत जादा चाक असतं. क्लच गेला म्हणून सांग. गॅरेजला टाकली, आणि हे काका तुझे मित्र, त्यांनी सोडलं. मी सांगेन आम्ही खंडोबाला गेलो, तिथे खूप पायऱ्या होत्या, मी दमले." तिने बाहेर बघून विचार केला. "तिथे पायऱ्या आहेत ना?"

"आहेत," पुढून हरेशभाई म्हणाले.

"मग बरं. आणि तू दारात जास्त पुढे जाऊ नको. लांबून बोल. हळू बोललास ना, तर वास येत नाही. आईच्या आधी मी आत जाते आणि मला सू लागली म्हणते, म्हणजे ती माझ्या मागे येते. तू तेवढ्यात जा."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गृहपाठ नीट झालाय की नाही हे बघणाऱ्या मुलीचा चेहरा होता तो. आणि तो चेहरा विनीतने पूर्वी पाहिला होता.

बेळगावच्या घरी एका सकाळी शाळेतल्या बाई आल्या होत्या. तो सोफ्यावर पडला होता, उठायची सोय नव्हती. चार वर्षांची राजसी दारात उभी राहून म्हणाली होती, "पप्पांना ताप आलाय, डॉक्टरांनी झोपायला सांगितलंय." बाई गेल्या. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर विनीतने तिला मोठं चॉकलेट आणून दिलं होतं. माझी हुशार पोरगी, असं म्हणाला होता. त्यानंतर दूधवाला, शेजारच्या काकू, दुकानातला पोऱ्या, सगळ्यांना तीच सांगायची. उमा नोकरीवरून यायच्या आत रिकामी बाटली कुठे सरकवायची हेही तिला समजायला लागलं होतं. त्याने शिकवलं नव्हतं. त्याने फक्त थांबवलं नव्हतं.

"पप्पा, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग म्हणून दाखव. गाडी कुठाय?"

विनीतला म्हणून दाखवता येईना. राजसीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "घाबरू नको. मी बोलेन. तू नुसती मान हलव."

मांजर्लीच्या सोसायटीपुढे हरेशभाईंनी गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. आरशातून विनीतकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी थांबतो. कितना भी टाइम लगे."

दुसऱ्या मजल्यावर दार उमानेच उघडलं. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. पलीकडे विष्णुपंत आरामखुर्चीत बसलेले दिसत होते. टीव्ही चालू होता, त्यांची नजर दाराकडे.

"उशीर नाही झाला," उमा म्हणाली. ती बरीच मऊ बोलत होती. त्याने वेळ पाळली याचं तिला बरं वाटलं होतं हे दिसत होतं, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं. "कसा गेला दिवस? ही दमलेली दिसते. गाडी कुठे लावलीस, वरून दिसली नाही."

"आई, गाडीचा ना क्लच..." राजसीने सुरुवात केली.

"उमा," विनीत म्हणाला. "गाडी पोलीस ठाण्यात आहे."

राजसीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ती नजर तो पुढे किती तरी दिवस विसरला नाही. खेळात आपल्याच गड्याने आपल्याला पकडून द्यावं, तशी.

"बारवीच्या रस्त्याला पकडलं. पिऊन गाडी चालवत होतो. उद्या उल्हासनगरला कोर्टात उभं राहायचंय."

उमाने खाली बसून राजसीचे हात, दंड, गुडघे चाचपले, डोक्यावरून हात फिरवला. "लागलं कुठे तुला? कुठे आपटलात?"

"नाही ग आई. काही नाही झालं. पप्पा खोटं..."

"आत जा, राजसी."

"आई, काही झालं नाही. काल रात्रीची होती. पप्पा बरोबर चालवत होते."

"आत जा."

ती गेली. आतल्या खोलीचं दार जोरात लागलं. टीव्हीचा आवाज बंद झाला. विष्णुपंत उठून लेकीच्या मागे येऊन उभे राहिले.

"रात्रीची होती?" उमाने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

होय म्हणायला हरकत नव्हती. पोलिसांना तेच सांगितलं होतं, मुलीलाही तेच वाटत होतं. रात्री घेतलेली माणसाला सकाळी कळतही नाही, त्यात अर्धी माफी असते. विनीत चौकटीला धरून उभा होता.

"रात्रीची होती. आणि सकाळी पण घेतली. हिला न्यायला यायच्या आधी."

उमाने डोळे मिटले.

"आणि दुसरं एक. ठाण्यात तिने सांगितलं, आई गावाला गेलीय, नंबर पाठ नाही. मी ऐकत होतो, गप्प बसलो. येताना तिने मला पढवलं, तुला काय सांगायचं ते. क्लच गेला म्हणून सांग, लांबून बोल, वास येतो. मला सगळं शिकवलं. त्यासाठी सांगायला आलो. नाहीतर सांगितलं नसतं, खोटं कशाला बोलू. तसाच निघून गेलो असतो."

"तुला काय वाटतं," उमा म्हणाली, "सांगितलंस म्हणून मी वकिलांना कळवणार नाही?"

"कळव."

"कळवणारच आहे. उद्याच." तिचा आवाज आता कापायला लागला होता. "त्या रस्त्यावर पुढच्या चाकाखाली काय आलं असतं, विनीत, तू... मी तिला सकाळी तुझ्या गाडीत बसवलं. पट्टा मीच लावला. मी खिडकीशी वाकले होते रे. मला कसा वास नाही आला?"

तिला रडू आलं, तशी ती पीठ लागलेल्या हातांनीच आत निघून गेली. दारात विष्णुपंत उरले. विनीत त्यांच्या पायांकडे बघत होता. तो थपडेची वाट बघत होता म्हटलं तरी चालेल.

"हमी कोणी दिली?" विष्णुपंतांनी विचारलं.

"उल्हासनगरचे व्यापारी आहेत, हरेशभाई. खाली थांबलेत."

"हं." "उद्या कोर्टात वेळेवर जा." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कोर्टात त्याचं नाव जेवणाच्या सुट्टीच्या आधी पुकारलं गेलं. न्यायाधीश बाईंनी कागदावरून वर न बघता विचारलं, गुन्हा कबूल आहे का. हरेशभाईंच्या वकिलाने 'रात्रीची' या शब्दाने सुरुवात केली होती. विनीत म्हणाला, "कबूल आहे." बाईंनी तेव्हा वर पाहिलं. दंड झाला, लायसन्स सहा महिने निलंबित झालं, आणि गाडीत लहान मूल होतं यावर चार कडक वाक्यं ऐकावी लागली. त्याने ती खाली मान घालून ऐकली. बेळगावात भाऊ गाडी घेऊन आला त्या दिवशी गल्लीला सगळं कळलं. आईने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. विनीत पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ लागला, या वेळी कागदासाठी नव्हे.

उमाने म्हटलं तसं केलं. कल्याणच्या कोर्टाने एकट्याने न्यायची परवानगी काढून घेतली. आता महिन्यातून एका रविवारी त्याने मांजर्लीच्या घरी यायचं, दोन तास बसायचं, घरातलं मोठं माणूस समोर असताना. तो बसने यायचा. उमा त्या वेळी बाहेर जायची. विष्णुपंत खुर्ची ओढून बरोबर मधोमध बसायचे, पेपर उघडायचे आणि पान उलटायचे नाहीत.

पहिल्या खेपेला राजसी बाहेर आलीच नाही. दुसऱ्या खेपेला आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगणार होते ना. सगळं बरोबर झालं असतं."

"झालं असतं," विनीत म्हणाला.

"मग का सांगितलंस?"

त्याने बसमध्ये याचं उत्तर किती वेळा जुळवलं होतं. तोंडात आलं ते एवढंच, "ते तुझं काम नव्हतं ग. माझं होतं."

"मला येतं ते काम," ती फणकाऱ्याने म्हणाली आणि आत निघून गेली. विष्णुपंतांनी पेपर खाली केला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा वर धरला.

तिसऱ्या खेपेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. राजसीने शाळेचा प्रकल्प जमिनीवर पसरला होता. पुठ्ठ्याचं धरण करायचं होतं आणि भिंत काही उभी राहत नव्हती. विनीत लांबून बघत होता. थोड्या वेळाने तिने न बघताच त्याच्याकडे डिंकाची बाटली सरकवली. तो खाली बसला. दोघं कामाला लागले. तिने पुठ्ठा धरायचा, त्याने चिकटवायचा.

विष्णुपंतांनी घड्याळाकडे पाहिलं, पेपरची घडी घातली आणि उठले. पायांत चपला सरकवताना म्हणाले, "दूध संपलंय. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. उत्तराची वाट न बघता ते बाहेर पडले, आणि त्यांची पावलं जिन्यावरून सावकाश खाली गेली.

राजसीचे हात थांबले. तिने दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. घरात दोघंच होते. विनीतला काही बोलावं असं वाटत होतं, आणि काहीच बोलू नये असंही.

"धर घट्ट," ती म्हणाली. "सुकायच्या आत सोडलंस तर पडेल."

तो भिंत धरून बसला.